सोळा पानांची अदलाबदल

४ फेब्रुवारी

आत्यांना नमस्कार,

पत्र कुणाचं हे आधीच सांगते, म्हणजे पाकीट उलटंपालटं करत बसायला नको. मी तुमच्या दादाची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी अडीच वर्षांची होते, आता तेहेतीस पूर्ण झालीत. तुमचा पत्ता आईच्या वहीत शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला सापडला. आई जाऊन चार वर्षं झाली. तुम्हाला कुणी कळवलं होतं की नाही, मला माहीत नाही. कळवलं नसेल तर ते असं कळवावं लागतंय, याची लाज वाटते.

या पत्राचं बाबांना ठाऊक नाही. तुमचा विषय निघाला की ते उठून कुलुपांच्या खोक्यात डोकं घालतात. दुकान बंद झालं तरी कुलुपं दुरुस्त करायचं काही सोडलेलं नाही, गिऱ्हाईक असो नसो.

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारी लिहून घेते. पाणी आलं नाही, गढूळ आलं, शेजारणीच्या नळाला जास्त येतं. आठ तास लोक कानात ओरडतात आणि घरी आलं की शांतता अंगावर येते. नवरा जहाजावर इंजिनखान्यात आहे, सहा महिने तिकडे आणि दोन महिने इकडे. म्हणजे लग्न झालंय, पण घरात कप एकच विसळायचा असतो.

आता मुद्द्यावर येते. मला तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा गर्भ टिकला नाही. तिसऱ्या वेळेनंतर डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला सांगितलं, तेव्हा माझ्या गुणसूत्रांत एक अदलाबदल सापडली. मग बाबांचं रक्त तपासलं. तीच अदलाबदल त्यांच्यातही निघाली, म्हणजे मला ती त्यांच्याकडून आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, वडिलांच्या सख्ख्या भावंडांनाही कळवा. सख्खं भावंड तुम्ही एकट्याच.

आई शेवटच्या आजारात एकदा म्हणाली होती, "तुझ्या आत्याचीही तीन गेली गं." तेव्हापासून ते माझ्या मनात आहे. तुम्ही एकदा रक्त तपासून घ्याल का? सगळी सोय मी करीन.

तुमची भाची

१५ फेब्रुवारी

ठकू,

तुला तेव्हा ठकूच म्हणत होते, आता काय म्हणतात ते तू लिहिलं नाहीस. आणि आत्याला कुणी 'तुम्ही' म्हणतं का? नोटीस आल्यासारखं वाटलं मला.

वहिनी गेली हे तुझ्या पत्रातूनच कळलं. कापायचं मशीन बंद केलं आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसून राहिले. तिचं माझं भांडण कधीच नव्हतं. ती दाराआडून डोळे पुसणाऱ्यातली होती, बोलणाऱ्यातली नव्हती.

आता माझ्या रक्ताचं. एकतीस वर्षांत माहेराहून एक ओळ आली नाही, आणि आली ती रक्त मागायला. खरं सांग, हे दादाच्या डोक्यातून निघालंय का? 'खोट आमच्याकडची नाही, तिच्यापासूनच आहे' असं कागदावर लिहून हवंय का त्याला?

तुला घरात सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. मी तेव्हा बांधणीच्या कारखान्यात होते. पुस्तकं बांधायची, कागदाची रिमं उचलायची. पहिलं गेलं, दुसरं गेलं. तिसरं पाचव्या महिन्यात गेलं. दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा बाप आला, तू त्याच्या खांद्यावर होतीस. आत यायच्या आधी, दारातच म्हणाला, "रिमं उचलून उचलून तिसरंही घालवलंस. तुला पोर नकोच होतं." आजूबाजूचे ऐकत होते. माझा नवरा आत खाटेवर बसून ऐकत होता. मी दार लावून घेतलं, ते लावलंच.

पुढे नवराही गेला. त्याला दुसऱ्या बायकोपासून दोन मुलं आहेत, धडधाकट. म्हणजे खोट कुणात होती याचा हिशेब सगळ्यांनी मांडून झालाय. त्यासाठी माझ्या दंडात सुई टोचायची गरज नाही.

फोन करू नकोस. मशीनच्या आवाजानं कान निम्मे गेलेत, घंटी ऐकू येत नाही. तुझ्यावर राग नाही. जपून राहा.

आत्या

२२ फेब्रुवारी

आत्या,

तू म्हटलंस म्हणून 'तू'.

बाबा असं बोलले होते हे मला माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आमच्याकडे दोघांच्याही तोंडाला कुलूप असतं, आणि दुरुस्त करणारा घरातच असून उपयोग नाही.

त्यांना काही सिद्ध करायचं नाही गं. झालंय ते उलटंच. खोट त्यांच्यातच निघालीय. डॉक्टरबाईंनी मला जसं समजावलं तसं लिहिते. मला तीनदा समजवावं लागलं होतं, तेव्हा तुलाही पहिल्यांदा नाही कळलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, शेहेचाळीस. मोज्यांसारखे त्यांचे जोड असतात, तेवीस. प्रत्येक जोडातलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. डोळ्यांचा रंग, केस कुरळे की सरळ, उंची, असलं सगळं घडवणारी जनुकं त्यांच्यावर ओळीनं बसलेली असतात. तपासणीत त्यांचा फोटो काढतात आणि मोठ्या जोडापासून लहान जोडापर्यंत मांडून दाखवतात. माझ्या फोटोत चौथ्या जोडातल्या एका गुणसूत्राचा शेवटचा तुकडा तुटून अकराव्या जोडातल्या एकाला चिकटलाय, आणि अकराव्याचा चौथ्याला. जागा बदलल्यात, हरवलं काहीच नाही. म्हणून मी ठणठणीत आहे, बाबाही ठणठणीत आहेत.

पण बाळाला आपण सगळी शेहेचाळीस देत नाही. प्रत्येक जोडातलं एकच देतो, आणि कुठलं जाईल ते आपल्या हातात नसतं. माझ्याकडून बिघडलेलं चार आणि चांगलं अकरा गेलं, तर बाळात एक तुकडा कमी पडतो आणि दुसरा जास्त होतो. मग ते वाढत नाही. दोन्ही चांगली गेली किंवा दोन्ही बदललेली गेली, तर बाळ चांगलं असतं. मी जन्मले ती बाबांकडून दोन्ही बदललेली आली म्हणून.

आता तुझं. ही अदलाबदल बाबांना आजी किंवा आजोबांकडून आली असेल, तर ती तुझ्यातही असायची शक्यता अर्धी आहे. तशी निघाली तर तुझी तीन बाळं त्यामुळे गेली असं म्हणता येईल. मी डॉक्टरबाईंना मुद्दाम विचारलं, ओझं उचलल्यानं असं होतं का. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, असं मानणाऱ्या पुष्कळ बायका त्यांच्याकडे येतात.

म्हणून रक्त मागितलं. दवाखान्याचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. एकतीस वर्षं तू जे अंगावर घेऊन बसलीस ते तुझं नसेलच कदाचित. आणि दुसरंही एक कारण आहे, ते लिहायला संकोच वाटतो. माझ्यासारखं झालेली, जिच्याशी बोलता येईल अशी दुसरी बाई मला माहीत नाही.

ठकू

३० मार्च

ठकू,

उत्तराला महिना लागला. तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा पार डोक्यावरून गेलं. चौथा काय, अकरावा काय, मोजे काय. दुसऱ्यांदा वाचलं आणि राग आला. तिसऱ्यांदा वाचताना हसायला आलं, कारण हा घोटाळा मी स्वतःच्या हातानं केलेला आहे.

ऐक. पुस्तक छापून येतं ते सुट्या पानांत येत नाही. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्याची घडी घालतात, त्या घडीला फर्मा म्हणतात. बांधणारणीनं फर्मे ओळीनं लावायचे, शिवायचे, वर पुठ्ठा. वीसेक वर्षांपूर्वी दोन खंडांचा एक कोश बांधायला आला. पहिल्या खंडाचा सातवा फर्मा आणि दुसऱ्याचा सातवा, दोन्हींच्या पाठीवर नुसता सातचा आकडा. माझ्या टेबलावर दोन ढिगांतल्या एकेका फर्म्याची अदलाबदल झाली. एका जोडीत पहिल्याची सोळा पानं दुसऱ्यात, दुसऱ्याची पहिल्यात.

ती जोडी एका मोठ्या ग्रंथालयानं घेतली. अकरा वर्षं कुणाची तक्रार नाही! दोन्ही खंड शेजारी शेजारी, हवं ते पान या नाहीतर त्या खंडात सापडायचंच. मग त्यांनी शाखा काढली आणि एक खंड तिकडे पाठवला. त्याच आठवड्यात त्यांचा माणूस कारखान्याच्या दारात. एका खंडात सोळा पानं नाहीत आणि नको ती सोळा घुसलेली. कारखान्याचा मालक माझ्यावर असा तापला की सांगायची सोय नाही. मी रात्रपाळी न घेता, भर दिवसा सगळ्यांसमोर ते दोन्ही खंड उसवून पुन्हा बांधले.

तुझं पत्र वाचताना मला ते खंड दिसले. तुझा बाप म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेली जोडी. बरोबर ना?

एकदा हे समजलं आणि मग मला राहवेना. तीन बाळं. मी त्यांना नावं ठेवली होती, कुणाला सांगितली नाहीत. गेली एकतीस वर्षं गठ्ठा उचलताना दर वेळी मनात येतं की हाच, असाच. कारखान्यातल्या मुली म्हणतात, "बाई, तुम्ही उचलू नका, आम्ही उचलतो." त्यांना वाटतं म्हातारी झाले. माझं वय अठ्ठावन्न, हात अजून लोखंडाचे. आता उचललं तरी काय होणार, तरी गठ्ठा हलकेच खाली ठेवते.

तर मी गेले. मंगळवारी, अर्धी सुट्टी टाकून. तू सांगितलेल्या दवाखान्यात. प्रतीक्षेच्या खोलीत सगळी तरुण मंडळी जोडप्याजोडप्यानं बसलेली. एक मुलगी मला म्हणाली, "सुनेला घेऊन आलात का?" मी म्हटलं, "नाही, माझंच आहे." ती बिचारी आ वासून बघत राहिली. फॉर्म भरला, सही केली. रक्त काढणारा पोरगेला होता, पण हात हलका होता.

महिनाभर लागेल म्हणाले. ठकू, मी आयुष्यात देवाकडे कधी रोग मागितला नव्हता. आता रोज मागते. अदलाबदल निघू दे.

आत्या

१२ मे

आत्या,

निकाल आला. डॉक्टरबाईंनी मला बोलावून सांगितला. तुझ्यातही तेच आहे. चौथं आणि अकरावं, अगदी माझ्यासारखं. तुकडेही तेच. तू काहीही केलेलं नाहीस. तू रिमं उचलली असतीस किंवा महिनोन्‌महिने गादीवर पडून राहिली असतीस, तरी तेच झालं असतं. एवढंच सांगायला पत्र लिहितेय, पण हात थरथरतोय म्हणून अक्षर असं.

मी बाबांना सगळं सांगितलं. तुला लिहिते हेही, दारातलं बोलणंही. ते खुर्चीत बसले आणि रडले. मी त्यांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "धाकटीला सांग, मी चुकलो."

आणखी एक. मला पुन्हा दिवस गेलेत. दहावा आठवडा आहे. नवऱ्याला जहाजावर कळवलंय, तो आनंदानं काहीतरी ओरडला आणि लाइन तुटली. सोळाव्या आठवड्यात गर्भाभोवतीचं थोडं पाणी काढून बाळाची गुणसूत्रं तपासणार आहेत. तोपर्यंत मी कुणाशी बोलू? कामावर दिवसभर लोकांच्या नळांबद्दल ऐकते आणि एक हात पोटावर ठेवून बसते. आत्या, तुझ्याशिवाय हे कळणारं मला कुणी नाही.

तुझी ठकू

२७ मे

ठकू,

आधी तुझं. वाकू नकोस, उचलू नकोस असं मी तुला सांगणार नाही. आयुष्यभर ते ऐकलंय, दुसऱ्याला ऐकवणार नाही. वेळेवर खा, झोप, आणि भीती वाटली की मला लिही. दोन ओळी लिही, पण लिही. मी त्याच दिवशी उत्तर टाकीन.

आता माझं. दवाखान्याच्या फॉर्मवर विचारलं होतं, निकाल कुणाला पाठवायचा. तुझा पत्ता लिहिला आणि खाली माझाही लिहिला. बांधणीच्या कारखान्यातली सवय आहे, प्रत्येक कामाची एक प्रत आपल्याकडे ठेवायची. तुझं पत्र आलं त्याच्या चार दिवस आधी माझ्याकडे पाकीट आलं होतं.

सगळं इंग्रजीत होतं. खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याकडून वाचून घेतलं. शेहेचाळीस, सगळी जागच्या जागी. निष्कर्ष, सामान्य. मी हसून त्याला म्हटलं, आजवर मला कुणी सामान्य म्हटलं नव्हतं. तो पण हसला. मग वर आले, दार लावलं आणि इतकी रडले की बहिऱ्या कानांनाही माझा आवाज ऐकू आला.

तुझं पत्र आलं तेव्हा आधी वाटलं, दवाखान्याचीच चूक असेल. दोन निकाल आहेत, एक खरा असेल. दोन दिवस त्या आशेवर काढले. मग पत्र पुन्हा वाचलं. तुझा हात आनंदानं थरथरत नव्हता, पोरी. खोटं लिहिताना थरथरत होता.

तुझ्यावर रागावले नाही. तू मला सोडवायला निघालीस. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. पण बघ, आता पुन्हा मी आहे तिथेच आहे. दादाला ते आलं, मला आलं नाही. आमच्या आईबापांनी मला नीट बांधून पाठवलं होतं. मग माझी का गेली? डॉक्टरबाईंकडे मी स्वतः जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, पुष्कळदा कारण सापडत नाही, पण ओझ्यानं नव्हे. मी मान हलवली. त्यांचं खरं असेल. पण कारण सापडत नाही म्हटलं की माझ्या हाती पुन्हा तीच रिमं उरतात.

आणि खरं सांगू, त्यापेक्षाही जास्त एक लागलं. मला वाटलं होतं की माझ्यात आणि तुझ्यात एक गोष्ट तरी सारखी निघेल. मग ती खोट का असेना.

आता एकच विचारते. निकाल तू बनवलास हे मला कळलं. दादा रडला, चुकलो म्हणाला, हेही तूच बनवलंस का? खरं ते लिही. खोटं असेल तर सांग, मी पुन्हा विचारणार नाही.

आत्या

९ जून

धाकटे,

ठकूनं तुझी सगळी पत्रं मला वाचायला दिली. शेवटच्याचं उत्तर तिला लिहिता येत नाही म्हणाली. म्हणून मी लिहितोय. मला पत्र लिहायची सवय नाही, चुका असतील.

मी रडलो नाही. तिनं बनवून लिहिलं. तिनं मला सगळं सांगितलं, तेव्हा मी ऐकून घेतलं आणि कुलुपं काढून बसलो. ती रडली, मी नाही. तुला तरी खरं कळावं.

तू वहिनीबद्दल लिहिलंस की ती दाराआडून डोळे पुसायची. ती कशासाठी पुसायची हे तुला माहीत नाही. ठकूच्या आधी आमची दोन गेली होती. एक तिसऱ्या महिन्यात, एक चौथ्या. आम्ही कुणालाच कळू दिलं नाही. तुलाही नाही. वहिनीनं तर त्या वर्षी घरातली बादलीही उचलली नव्हती, मी उचलू दिली नव्हती.

मग ठकू झाली, जगली. मला वाटलं, सुटलो. आणि तुझी जायला लागली. पहिलं गेलं तेव्हा मी घाबरलो. दुसरं गेलं तेव्हा खात्री झाली की हे आपल्याच घरातलं आहे, आपल्या रक्तातलं आहे, आणि उद्या लोक ठकूकडे बोट दाखवतील. तिसरं गेलं तेव्हा ठकूला खांद्यावर घेऊन तुझ्याकडे आलो. वाटेत ठरवलं होतं की आमचं तुला सांगायचं. दारात आलो, तुझा नवरा आत बसलेला दिसला, शेजारचे दिसले. तोंडातून रिमं निघाली. तुझ्यावर खापर फुटलं की माझ्या घराकडे कुणी बघणार नव्हतं. कुणी बघितलंही नाही.

आता डॉक्टर म्हणतात, खोट माझ्यात आहे, तुझ्यात नाही. तुझी का गेली, मला सांगता येत नाही. पण ठकूची तपासणी दोन आठवड्यांनी आहे आणि त्याआधी मला एवढं तुला लिहायचंच होतं. ज्या दिवशी मी तुला रिमांचं बोललो, त्या दिवशी मला माहीत होतं की कुणी काही न उचलताही मुलं जातात.

दादा